झाकणाचा आवाज

रेजिना मावशीच्या ओटीवर सकाळचं ऊन केळीच्या पानांतून हिरवट होऊन उतरतं, आणि त्याच सुमारास स्टीलचं एक झाकण फरशीवर पडतं. पडतं म्हणजे तीच पाडते. पिल्लं दूधभातात तोंड खुपसून बसलेली असतात तेव्हा, त्यांच्या पाठीमागे, अगदी हलक्या हाताने. भुईगावातल्या आमच्या गल्लीची सकाळ कित्येक वर्षं या आवाजाने होत आली आहे.

डोळे उघडल्यानंतरच्या कोवळ्या आठवड्यांत जे ऐकलं, हुंगलं, पायाखाली आलं, ते कुत्र्याला जन्मभर आपलं वाटतं आणि त्यानंतरचं सारं परकं, अशी तिची श्रद्धा. म्हणून ती पिल्लांना वाळूवर, ओल्या लादीवर, सुक्या पानांवर चालवते. रविवारी मिस्सा सुटला की टोपली घेऊन चर्चच्या आवारात उभी राहते आणि म्हाताऱ्यांचे, पोरांचे, छत्रीवाल्यांचे हात पिल्लांच्या पाठीवरून फिरवून घेते. लग्नाच्या बँडसमोर खुशाल जांभई देणारी गावातली कुत्री तिच्याच ओटीवरची. माणसांशी मात्र ती फटकळच. पण पिल्लाच्या कानामागे तिचं बोट फिरू लागलं, की त्या राकट हातात एवढं मार्दव येतं कुठून, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

यंदा झाकणाचा नूर बदलला. ते आदळू लागलं, इतकं की माझ्या कौलांवरचे कावळे उडत. मावशी हाकेला ओ देईनाशी झाली होती. तो तिचा नेहमीचा तुसडेपणा, असं आम्ही धरून चाललो. मग माणिकपूरच्या एका फ्लॅटमध्ये तिने दिलेलं पिल्लू परत आलं. कुकरची शिट्टी झाली की ते पलंगाखाली शिरून थरथरायचं, अन्नाला तोंड लावायचं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आणणाऱ्यांना ती वाट्टेल ते बोलली. ते गेल्यावर मी म्हणाले, “मावशी, झाकण फार जोरात वाजतंय गं तुझं.” तिने मान वर केली नाही. मी तिच्या पाठीमागे उभी होते, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, तिला ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते पिल्लू मांडीवर घेतलं, छातीखाली तळवा धरला आणि रोजच्यासारखं झाकण टाकलं. तिचा चेहरा उतरला.

“काळीज किती उडतंय याचं! मीच घाबरवलं याला. मना वाटे, झाकन वाजतच नाय.”

ती पुन्हा पुन्हा झाकण टाकत राहिली, दर वेळी थोडं खालून, थोडं हळू. अखेर तळव्याखालची धडधड निवली. मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

“आता वाजलं का गं, बाय?”

मी मान हलवली. वाजलं होतं.

पिल्लाचे कोवळे आठवडे सरत आले आहेत. त्याची भीती जाईल की नाही, कोण जाणे. रोज सकाळी मावशी एका हाताने झाकण सोडते आणि दुसऱ्या हाताने ऐकते. जन्मभर दुसऱ्यांच्या कानांना जो आवाज तिने आपलासा करून दिला, तो पिल्लाला भिववणार नाही इतका हळू झाला, की तिच्यापुरता फक्त आठवणीत उरतो.