काशिराम सरांची नाडी

"शहाण्णव. घरी जा," काशिराम सर माझं मनगट सोडत म्हणाले.

मी हादरलेच. रविवारी वेटलिफ्टिंगची जिल्हा निवड चाचणी, आज गुरुवार, आणि मला घरी? पनवेलच्या आमच्या व्यायामशाळेत सरांचा कायदाच होता. बारला हात लावण्याआधी पाच मिनिटं बाकावर बसायचं, मग सर नाडी बघणार. नव्वदच्या वर गेली की त्या दिवशी वजन बंद.

"सर, मी आठवडाभर रोज सकाळी घरीपण स्क्वॉट मारतेय. अंग मस्त तयार आहे."

"तयार नाय, थकलंय. ताकद उचलताना येत नाय पोरी, झोपेत येते. कितींदा सांगू?"

माझ्याबरोबर सराव करणारी झेबा खिदळली. "सर, प्राचीला झोपेचा वेगळा कोच लावा."

अकरावीत गेल्यापासून मला कुणाशीही वाद घालता यायला लागलाय आणि ते मला फारच आवडतं. "तुमचं मोजणंच चुकतंय," मी म्हटलं. "बसा, तुमची बघते."

सर हसत बसले. चिरनेरचा माणूस. रात्री उरणला कंटेनर यार्डात ड्यूटी, संध्याकाळी आम्ही पोरी. पंधरा वर्षं हेच.

मी तीन बोटं ठेवली. एक, दोन, तीन. मग काहीच नाही. मग चार-पाच ठोके एकमेकांवर आदळल्यासारखे. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा तसंच. एकशे अठरा, तेही सापडले तेवढे.

"किती?"

मी झेबाला पुढे ओढलं. झेबाने मोजून पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"सर, शेवटचं नीट कधी झोपलात?" तिने विचारलं.

"सोमवारी असंल. बदलीचा मानूस येत नाय ना." त्यांनी मनगट सोडवून घेतलं. "मी कुठं वजन उचलतो? चल झेबा, तू बस, तुझी बघू."

"कुणाचीच नाही. दवाखान्यात चला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

सर काहीतरी बोलणार होते. पण उठताना त्यांनी भिंतीला हात टेकला आणि तो तिथेच राहिला. झेबा रिक्षा आणायला धावली.

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, खांद्याला लावायला गेले, थांबले. मग खाली बघत ती माझ्यापुढे धरली.

"घे जरा."

आत डबा आणि टॉवेल, एवढंच. स्पर्धेला जाताना आम्हा सगळ्यांच्या बॅगा हाच माणूस गाडीवर चढवायचा. मी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. सर जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत होते, म्हणून मीही थांबत होते.