माझे पहिले दोन सेंटिमीटर

मित्रांनो, मी एक जुना कापडी टेप आहे. काल पालघरच्या एका सभागृहात मला टेबलावर मांडून झेंडूचा हार घातला होता. त्या हाराखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. का, ते सांगतो.

एकोणतीस वर्षांपूर्वी डॉ. अर्चना सावे यांनी मला बोईसरच्या एका दुकानातून घेतलं. मनोरजवळच्या डोंगरावर त्यांनी चारशे झाडांना पत्र्याचे नंबर ठोकले होते. दर वर्षी भाताची झोडणी उरकली की त्या यायच्या. पाड्यावरची नवसी मला छातीच्या उंचीवर खोडाभोवती गुंडाळून आकडा सांगायची, बाई लिहायच्या. झाडांना सदरे शिवणार का, म्हणून लोक थट्टा करायचे. झाडाचं म्हणणं ऐकायला निम्मं आयुष्य बसावं लागतं, असं बाई हसून सांगायच्या. मला केवढा अभिमान वाटायचा.

सहा वर्षांपूर्वी माझं टोक फाटलं. नवसी काटकसरी. तिनं फाटका तुकडा कापून टाकला आणि टोकाची पितळी कडी पुन्हा इतकी सुबक शिवली की बाईंच्याही लक्षात आलं नाही. माझ्यातले एक आणि दोन हे आकडे गेले. त्यानंतर प्रत्येक झाडाचा घेर मी दोन सेंटिमीटर जास्त सांगू लागलो.

नेमकी त्याच वर्षी डोंगराखाली खडीची खाण सुरू झाली. ऐनाच्या झाडांच्या पानांवर पांढरी धूळ बसली. पाड्यानं तक्रार केली तेव्हा सरकारी साहेबांनी बाईंचे आकडे मागवले. झाडं सूतभरही वाढली नव्हती, पण मी वाढ दाखवली. धुळीचा त्रास नाही, असा बाईंचा अहवाल गेला आणि तक्रार निकालात निघाली. पुढच्या वर्षीही मी तेच दोन सेंटिमीटर जास्त सांगितले, म्हणून वाढ थांबलेली दिसली, तेव्हा बाई बुचकळ्यात पडल्या. तोवर झाडं सुकू लागली होती.

काल बाईंचा सत्कार होता. फोटोसाठी त्यांनी मला उलगडलं आणि त्यांचा अंगठा कडीपाशीच थांबला. पहिल्या रांगेत बसलेल्या नवसीला त्यांनी जवळ बोलावून विचारलं.

"फाटला व्हता, बाय," नवसी म्हणाली. "मीच कापला नि कडी शिवली. चांगला हाय, नवा कशाला घ्यायचा?"

 बाई माइक घेऊन म्हणाल्या, "माझा अहवाल चुकीचा होता. पाड्याचं म्हणणं खरं होतं. शाल राहू द्या, आधी हे लिहून घ्या."

नवसीनं मान खाली घातली. बाईंनी तिचा हात धरला. टेप तपासणं हे माझं काम होतं, तुझं नव्हे, असं त्या म्हणाल्या.

"पण चाळीस झाडां सुकली, बाय. त्यांचा काय?"

बाईंनी माझ्यावरचा हार काढून बाजूला ठेवला. 

मित्रांनो, म्हणून हात जोडून विनवतो. माझ्यासारखा टेप हातात घ्याल तेव्हा आधी त्याचा पहिला आकडा शोधा. चुकीचं सांगतोय हे कळत असूनही आम्हाला थांबता येत नाही.