प्रणितने दिलेला बाप्तिस्मा

रीताला सातवा महिना लागला तेव्हापासून घुग्घुसच्या त्या घरात एकच वाद होता: बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की नाही. प्रणित कोळसा खाणीत डंपर चालवायचा. लग्नानंतर तो एका पास्टरच्या मंडळीत, म्हणजे मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, जाऊ लागला होता. रीता आणि तिचे वडील हरिदास पिढीजात कॅथलिक.

"विश्वास ठेवते त्याचा बाप्तिस्मा. तान्ह्या लेकराले विश्वास काय समजते?" प्रणित म्हणायचा. "बायबलात कुठी लिवलं हाय, दाखवा मले."

"बायबलातल्या त्या तुरुंगाच्या शिपायाचा बाप्तिस्मा घरादारासगट झाला, हे लिवलं हाय ना? त्या घरात लेकरं नसतील काय?" हरिदास आवाज चढवत नसत. "अन् सगळं बायबलातच पाह्यचं, हे तरी कुठी लिवलं हाय? ते पुस्तक आपल्यापर्यंत आणलं कोणं? चर्चनंच ना?"

"चर्च चुकू शकते, बाबूजी. वचन नाई चुकत."

मुलगा दिवस भरायच्या आधीच झाला, चंद्रपूरच्या दवाखान्यात, ऑपरेशन करून. त्याला श्वास घेता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, आशा कमी आहे, कोणीतरी आत जाऊन पाहून या. रीताला उठवत नव्हतं आणि त्यांच्या चर्चचे फादर दूर अहेरीकडे गेले होते. तिने प्रणितचा हात धरला.

"अडचणीत कोणीबी बाप्तिस्मा देऊ शकते. तुमी द्या."

"माहा त्याच्यावर विश्वास नाई, रीता."

"माहा हाय."

काचेच्या पेटीजवळ तो नुसता उभा राहिला. करावं तर खोटं वाटत होतं, न करणं त्याहून जड जात होतं. शेवटी त्याने नर्सला विचारून कापूस भिजवला, बाळाच्या कपाळावर पिळला आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने शब्द उच्चारले.

मूल वाचलं. महिनाभराने घरी आलं, तेव्हा फादर भेटायला आले. "देताना मनात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं चर्च जे करते तेच करावं. रीतासाठी."

"मग झाला बाप्तिस्मा. एवढा हेतू पुरतो. तो पुन्हा देता येत नाही."

पास्टरच्या कानावर हे गेलं. "ते नुसतं पाणी होतं," ते म्हणाले. "रविवारी मंडळीसमोर तसं सांग."

रविवारी प्रणित उभा राहिला. "तान्ह्याचा बाप्तिस्मा मले आजबी पटत नाई," तो म्हणाला. "पण नुसतं पाणी होतं, असं म्या म्हणणार नाई. ते शब्द बोललो तवा म्या खोटं बोलत नव्हतो."

पास्टरनी पुढचं गीत सुरू करायला सांगितलं.

घरी आल्यावर त्याने हरिदासांना सगळं सांगितलं.

"मंग आता जाशील काय तिथी?" त्यांनी विचारलं.

"जाईन ना," प्रणित म्हणाला. "माही मंडळी हाय ते."