बेचाळीस किलोंचं पोतं

पडदेवाल्याने व्यायामवर्गाचा फॉर्म टेबलावर पसरला, वर्षाच्या फीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि दुकानातलं गिऱ्हाईक त्याला ज्या सुरात विचारतं, अगदी त्याच सुरात विचारलं, "एवढ्यात नक्की मिळतं काय?"

कोच म्हणजे केस डोक्यावर घट्ट बांधलेली एक हसरी मुलगी होती. तिच्यामागच्या हॉलमध्ये सात-आठ बायका गुडघे वाकवून, हात पुढे धरून उभ्या होत्या आणि एकीची चूक झाली की सगळ्या मिळून हसत होत्या.

"तुमच्यासाठी का, काका?"

"छे. बायकोसाठी. सकाळच्या बॅचला येते. फुकटचे पंधरा दिवस उद्या संपतात. म्हटलं, पैसे भरण्याआधी माल बघून घ्यावा."

तसा तो माल बघायला आलाच नव्हता. नाही म्हणायचं हे त्याने घरीच ठरवलं होतं. फक्त संध्याकाळी "स्वतः जाऊन आलो, काही दम नाही त्यात" असं सांगता यावं, एवढ्यासाठी दुकान तासभर नोकरावर सोपवून तो निघाला होता. "हातपाय हलवायला पैसे कसले? रस्ता काय भाड्याने मिळतो?" हे त्याचं सांगून झालं होतं. "एकटीने होत नाही हो, चौघींच्यात होतं," असं बायको म्हणाली, तेव्हा ताटावरून मान वर न करता तो बोलून गेला होता, "या वयात दाखवायचंय कुणाला?" फॉर्मची घडी घालून तिने त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "तुम्हीच ठरवा," म्हणाली.

"सकाळच्या बॅचला कोण बरं?" कोचने विचारलं.

"चष्मा आहे. उंचीने बेताची. फार बोलत नाही."

"पोतंवाल्या काकू!" मुलीचा चेहरा उजळला. "या ना आत, दाखवते."

कोपऱ्यात ओळीने मांडलेल्या वजनांच्या पलीकडे, एका खुर्चीत, एक पोतं बसवलेलं होतं. बसवलेलंच म्हणायला हवं. वरच्या टोकाला एक लहानशी उशी बांधली होती, ती एका बाजूला कलली होती. दोन्ही अंगांना कापडाच्या लांब पट्ट्या शिवून लोंबत्या सोडल्या होत्या. पडदेवाल्याने सवयीने कापड अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये धरलं आणि ओळखलं. त्याच्याच दुकानातलं जाड अस्तर होतं ते, मातकट रंगाचं, ताग्याचं उरलेलं टोक. महिन्याच्या सुरुवातीला तिने मागून नेलं होतं. कशाला, हे त्याने विचारलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी मी विचारलं, काकू, वजन कमी करायचंय का? तर म्हणाल्या, नाही, बेचाळीस किलो उचलायला शिकायचंय. मी लोखंडी वजन दिलं. म्हणाल्या, हे नको, हे घट्ट असतं. माणूस मऊ असतो, हातातून निसटतो. मग घरून हे शिवून आणलं. वाळू आणि चिंध्या भरल्या आहेत. मान लटकते, तिला आधार द्यावा लागतो, म्हणून ही उशी."

बेचाळीस किलो. स्वतःहून उठता न येणाऱ्या त्याच्या आईचं डॉक्टरांकडच्या काट्यावर वजन झालं, तेव्हा तोच शेजारी उभा होता.

"आता सगळ्याच शिकतात," मुलगी सांगत होती. "प्रत्येकीच्या घरी कुणी ना कुणी आहेच. उचलून बघा ना, काका."

त्याने वाकून पोत्याला मिठी घातली. गुडघे आपोआप वाकले, पाठ ताठ राहिली, आणि तागा खांद्यावर घ्यावा तसं ते वजन एका दमात खुर्चीतून उठून बाकावर जाऊन बसलं. मानसुद्धा लटकली नाही. तीस वर्षं तो दिवसाला वीस-वीस तागे चढवत-उतरवत होता.

"वा!" कोच म्हणाली. "काय कंबर आहे तुमची, ठणठणीत!"

हॉलमधल्या बायका थांबून बघत होत्या. त्यांच्यातल्या, सकाळच्या बॅचलाही येणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंनी चष्मा वर सरकवला.

"भाऊ, तुम्ही पोतंवालीचे मिस्टर ना? ती तर सांगत होती, यांना वाकता म्हणून येत नाही. कंबरदुखीला काय करावं, ते मला रोज विचारते बिचारी. शेकायची पिशवी मीच सांगितली तिला."

त्याचा हात सवयीने कंबरेकडे निघाला. निम्म्या वाटेत त्याला ते कळलं. मग त्या हाताचं काय करावं, ते कळेना.

खोटं बोलायचं ठरवून घरात कुणी खोटं बोलत नाही. त्याची कंबर, देवाशपथ, खरीच धरली होती, गेल्या हिवाळ्यात. तीन आठवडे तो भिंतीला धरून चालला. मग एका सकाळी उठला तर दुखणं गेलेलं. त्या सकाळी आईला उठवायला बायको आधीच वाकलेली होती, आणि तो दारात उभा होता. बोलायला एक क्षण उशीर झाला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. दुकानात त्याला कंबर आठवत नसे. घराचा उंबरठा आला की आठवे. हल्ली तर रोज रात्री ती पिशवी गरम करून द्यायची आणि तो पालथा पडून घ्यायचा.

"मग काका, फॉर्मचं काय?"

त्याने पेन मागितलं. सही करताना त्याने वर पाहिलं नाही.

संध्याकाळी तो लवकर घरी आला. आई खिडकीशी खुर्चीत होती. बायकोने बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या, पलंगावरची चादर ओढून नीट केली होती आणि ती खुर्चीपुढे पाय रोवत होती.

"थांब," तो म्हणाला. "मी घेतो."

"अहो, कंबर—"

तोवर त्याने आईच्या पाठीमागे हात घातला होता. पोत्यापेक्षा ती हलकी वाटली, आणि उबदार. मान त्याच्या खांद्यावर टेकली. दोन पावलं, आणि त्याने तिला पलंगावर ठेवलं, पाय वर घेतले, पांघरूण सारखं केलं. सगळं झाल्यावरही तो तसाच वाकून राहिला, कारण उभं राहिलं की वळावं लागलं असतं.

"कधीपासून?" बायकोने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

तो पांघरुणाची कड सरळ करत राहिला.

"उन्हाळ्याच्या आधीपासून," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "सिलिंडर आत नेताना मी पाहिलं होतं त्याला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं गं."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी उतरत गेलं.

"फॉर्म भरून आलोय," तो म्हणाला. "वर्षाचा."

"सकाळी सहाची बॅच आहे," ती म्हणाली. "आईंची उठायची वेळही सहाचीच. इतके दिवस मी त्यांना पाचलाच उठवून जात होते."

"हो."

तिने आपल्या उघड्या हातांकडे पाहिलं. मग बाह्या खाली ओढल्या, आधी एक, मग दुसरी, आणि मनगटाची बटणं लावायला तिने बराच वेळ घेतला.