दगडफुलाला वाळायचंय

मी एक जुनं दगडफूल आहे, मित्रांनो. घड्याळजींच्या खिडकीखालच्या दगडावर राहतो. तळहाताएवढा व्हायला मला साठ वर्षं लागली. नावात फूल असलं तरी मला आजवर कोणी माळलेलं नाही. मी म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. मला मुळं नाहीत, पाणी धरून ठेवणारी कातडी नाही. दव पडलं की पोटभर पितो आणि हिरवा होतो. ऊन चढलं की तासाभरात सगळं उडून जातं. मग राखाडी, कुरकुरीत होऊन पडून राहतो. मेलेला नसतो, थांबलेला असतो.

बायको गेल्यापासून घड्याळजी भल्या सकाळी खिडकीशी बसतात. मला हिरवा पाहिलेला माणूस जगात तो एकच.

त्यांची मुलगी महिन्यातून एकदा यायची, तीही भर दुपारी. एकदा तारेचा ब्रश घेऊनच आली.

"बाबा, दगडाला खरूज झाल्यासारखी दिसतेय. खरवडून टाकते."

"राहू दे गं. सकाळी हिरवागार असतो तो."

"हो बाबा."

हे 'हो बाबा' फार वाईट. विश्वास संपला की माणसं भांडत नाहीत, हो म्हणतात. बाबांना हल्ली काहीबाही दिसतं, असं तिने शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं होतं.

घड्याळजींनी हातातला ग्लास माझ्यावर ओतला. अर्धं पाणी मुलीच्या चपलेवर गेलं. उरलेलं मी घटाघटा प्यायलो. साठ वर्षांत घाई केली ती तेवढीच.

"बाबा, हे हिरवं झालं की हो," ती वाकून म्हणाली.

"जन्मभर सेकंदकाटे बघितलेत. डोळे शाबूत आहेत माझे."

ब्रश पिशवीत गेला. मी वाचलो, आणि माझं कौतुक सुरू झालं.

आता सकाळी एक ग्लास, दुपारी एक, संध्याकाळी एक. उपेक्षेत मी साठ वर्षं आरामात काढली. कौतुकाचे तीन महिने झेपेनात. सतत ओला राहिलो की मला हवा मिळत नाही. वाळणं ही माझी झोप आहे. कडा कुजू लागल्यात.

ओतताना घड्याळजी विचारतात, "अजून थोडं घेणार ना?" असं विचारायला त्यांना घरात दुसरं कोणी नाही. नको म्हणायला मला तोंड नाही, आणि असतं तरी म्हणवलं नसतं.

म्हणून मित्रांनो, त्या बाजूने जाणं झालं तर खिडकीशी थांबून प्यायला पाणी मागा. तहान नसली तरी मागा. दोन शब्द बोला, सावकाश प्या. तेवढ्यात मी वाळून घेईन.