बोळिंजच्या गॅलरीतली सीतेची वेणी

मी सीतेची वेणी. बोळिंजच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, नारळाच्या सोडणाला बांधलेली मी बोलतेय. इथे मला सगळे ऑर्किड म्हणतात.

माझा जन्म खाडीकडच्या एका वाडीतल्या आंब्यावर झाला. वादळात तो आंबा उन्मळून पडला. वाडीच्या मालकीण भागूबाई बोळिंजला भाजी विकायला येतात. त्यांनी मला फांदीवरून अलगद सोडवलं आणि आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, विनयाताईंना दिलं.

“मातीत नको लावू गो. पानी नुसतं शिंपडायचं,” त्या म्हणाल्या.

विनयाताईंनी मला जीव लावला. उन्हाळा संपता संपता माझे गुलाबी-पांढरे तुरे लोंबायचे, शेजारी येऊन फोटो काढायचे. पण चार वर्षं शेंग काही धरली नाही. माझे पराग वाऱ्यावर उडत नाहीत, त्यांच्या चिकट गोळ्या असतात. एखाद्या कीटकाला त्या अंगावरून दुसऱ्या वेणीच्या फुलात न्याव्या लागतात. इथे मी एकटीच. फुलं तशीच गळून जायची.

यंदा एक काळी भुंगी आली. कपडे वाळत घालायच्या बांबूला तिने गोल भोक पाडलं आणि आत घर केलं. फरशीवर भुसा दिसला तसे विनयाताईंचे यजमान श्रीरंगराव कीटकनाशकाचा फवारा घेऊन आले.

“ऋतिकाला चावली म्हणजे?”

लेकीची काळजी विनयाताईंनाही होतीच. त्यांनी भागूबाईंना फोन लावला.

“आमच्या आंब्यावर पन असायच्या,” भागूबाई म्हणाल्या. “हात नाय लावला तर काय करत नाय. आनि तिला मारलीस तर शेंग कशी धरल?”

विनयाताईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, “फुलं आहेत तोवर राहू दे. कपडे मी आत वाळत घालते.”

श्रीरंगराव फवारा घेऊन आत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी भुंगी माझ्या फुलात शिरली. तिच्या कपाळावर परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या आधीच चिकटलेल्या होत्या. त्या माझ्या नव्हत्या. म्हणजे जवळपास कुठेतरी, एखाद्या झाडावर नाहीतर गॅलरीत, माझ्यासारखी आणखी एक होती. चार वर्षं मला ते ठाऊकच नव्हतं.

आता शेंग बोटाच्या पेराएवढी झालीय. ऋतिका शाळेतून आली की दप्तर पाठीवर असतानाच ती बघून जाते. शेंग पिकली की धुळीसारखं बी उडेल. बरंचसं वाया जाईल. एखादंच कुठल्या ओल्या सालीवर टेकून रुजेल.

माझं मागणं एवढंच आहे. भुंगी दिसली तर लगेच मारू नका. आम्हाला पाय नाहीत. आमच्या गाठीभेटी तीच घालून देते.