पडद्यांची ऑर्डर

"आम्ही ब्रँच आउट करतोय," असं धाकटा फोनवर म्हणाला आणि थोरला आत येताना दिसताच त्याने फोन ठेवून दिला. झालं! थोरल्याच्या डोक्यात भुंगा शिरला. दोघे भाऊ एकाच दुकानात पँट शिवत. पँटशिवाय दुसरं काही शिवलं नाही याचा थोरल्याला कोण तोरा!

माप द्यायला आलेल्या मास्तरांना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आहे तो धंदा ठेवून नव्या कामात हात घालायचा," मास्तर म्हणाले. "पेनवाला घड्याळंही विकू लागला, की त्याने ब्रँच आउट केलं. झाडाला फांदी फुटते ना, तसं."

थोरला हसला, पण आतून चरकला. फांदी म्हणे! आज फांदी, उद्या वेगळं दुकान, परवा वेगळी चूल.

मग त्याला सगळंच खटकू लागलं. जेवून आलं की त्याच्या मशीनच्या दोऱ्याचा ताण बदललेला असे. एकमेकांच्या मशीनला हात लावायचा नाही, हा वडिलांचा नियम. म्हणजे हा पठ्ठ्या माझ्याच मशीनवर बाहेरची कामं ओढतोय!

एके दुपारी तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि मागच्या दाराने दुकानात शिरला. धाकटा त्याच्याच मशीनवर वाकून बसला होता.

"सापडलास! कुणाचं काम हे?"

थोरल्याने पँट हिसकावून उजेडात धरली. सकाळी त्यानेच शिवलेली. एक बाजू उसवलेली होती. दुसऱ्या बाजूची टीप गुडघ्यापर्यंत वेडीवाकडी जाऊन कापडाबाहेर घसरली होती. सकाळी ती त्याला सरळ दिसली होती.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले, दादा. गिऱ्हाईकं पँटी परत आणायला लागली होती."

"मग माझ्या मशीनवर कशाला?"

"माझ्या मशीनची टीप तू लगेच ओळखली असतीस."

लाजेने थोरल्याचे कान तापले. इतके दिवस आपण ह्याच्यावर पाळत ठेवली!

"म्हणून पडद्यांची ऑर्डर घेतोय," धाकटा खाली बघत म्हणाला. "लांब, सरळ टीप. थोडी हलली तरी चुण्यांत कुणाला दिसत नाही."

"मापं घ्यायला कधी जायचं?"

"मी घेऊन आलो."

दुकानातलं प्रत्येक माप थोरलाच घेई. एरवी त्याने दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज त्याने एवढंच विचारलं, "नीट घेतलीस ना?"